नागपूरच्या उन्हात रायडिंग पँट: कोणती घ्यावी? (गुडघा फोडून घेतल्यावर काढलेला धागा)

मानेवाडा_टू_बुटीबोरी | १२ एप्रिल, रात्री १०:४०

मंडळी नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

रोज मानेवाडा ते बुटीबोरी एमआयडीसी, जाऊनयेऊन साठेक किलोमीटर. गाडी १५० सीसीची, सात वर्षं जुनी. हेल्मेट नेमाने घालतो. जॅकेट एक आहे, ते लांबच्या फेरीलाच निघतं. खाली आपली जीन्स. कंबरेखालच्या भागाचा विचार कधी केलाच नव्हता.

तीन आठवड्यांपूर्वी सेकंड शिफ्ट संपवून घरी येत होतो. आपल्या सिमेंट रस्त्यांची कड सगळ्यांना माहीत आहे. रस्ता वर, बाजूची माती चार बोटं खाली. कुत्रं आडवं आलं म्हणून मी खाली मातीत उतरलो, आणि परत वर चढवायला गेलो तर पुढचं चाक त्या कडेलाच घासत राहिलं. काही कळायच्या आत गाडी डाव्या अंगावर. वेग असेल तीसचाळीस, जास्त नाही. उठलो, गाडी उभी केली, हसलोसुद्धा. मग खाली पाहिलं तर डाव्या गुडघ्यावरची जीन्स तळहाताएवढी गायब. फाटून लोंबत नव्हती, नव्हतीच तिथे. आणि खाली जे होतं ते सांगत नाही, जेवणाची वेळ आहे.

हाड शाबूत. अठरा दिवस ड्रेसिंग. आता प्रश्न:

नेटवर पाहतो तर ओव्हरपँट (पँटीवरून घालायची) आहे, मेश (जाळीची) आहे, केव्हलारची जीन्स आहे, नुसते नी-गार्ड आहेत. बजेट आठ हजार, ओढूनताणून नऊ. कंपनीत पोचल्यावर युनिफॉर्मवर उभं राहायचं आहे. आणि मे महिना तोंडावर आहे. ४५ अंशात हे कोणी खरंच रोज घालतं का? दुकानदाराचं नको, घालणाऱ्याचं उत्तर पाहिजे.

तर्रीबाज | १२ एप्रिल, रात्री १०:५८

भाऊ, मे महिन्यात मले चड्डीसुद्धा जड वाटते अन् तुमी पँटीवर पँट म्हणून रायले. बाकी गुडघ्याची काळजी घ्या बाप्पा.

वासुकाका | १३ एप्रिल, सकाळी ६:१५

खापरीपर्यंत मेट्रोने जा. पुढे कंपनीची बस असेलच. आम्ही चाळीस वर्षं टेरीकॉटच्या पँटीवर लॅम्ब्रेटा आणि नंतर चेतक चालवली, कुठे काही झालं नाही.

मानेवाडा_टू_बुटीबोरी | १३ एप्रिल, सकाळी ७:०२

काका, सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मेट्रो झोपलेली असते.

पेंचची_वाट | १३ एप्रिल, दुपारी १:३०

मी घालते. रोज नाही, पण शहराबाहेर पाय काढला की घालतेच: रामटेक, मनसर, पेंच, सौसरवरून सिलेवानी घाट. चार वर्षांत तीन पँटी झाल्या. पहिल्या दोन चुकल्या, त्यांचंच सांगते, उपयोग त्याचाच होईल.

पहिली ऑनलाइन घेतली. वर्णनात ठळक अक्षरात 'सीई सर्टिफाइड', म्हणजे युरोपच्या मानकाला उतरलेली. घरी आल्यावर कळलं की सर्टिफिकेट गुडघ्यातल्या पॅडचं आहे, पँटीच्या कापडाचं नाही. बाजारात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, आणि ती खोटं न बोलता होते. पॅडला एक मानक असतं, अख्ख्या पँटीला दुसरं. पॅडचं ईएन (म्हणजे युरोपीय मानक) १६२१-१. पँटीचं ईएन १७०९२, जे २०२० मध्ये आलं. पँटीच्या आत शिवलेल्या लेबलवर मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि त्याखाली एएए, एए किंवा ए असं अक्षर असेल तर पँट म्हणून ती तपासली गेली आहे. चित्रच नसेल तर आत कितीही भारी पॅड असो, कापड पहिल्याच घासणीत फाटलं तर ते पॅड रस्त्यावर आणि गुडघा त्याच्या शेजारी.

दुसरी पँट कापडाला उत्तम होती. पण माझी उंची पाच फूट एक इंच. आरशासमोर उभी राहिले तर छान. गाडीवर बसल्यावर गुडघ्याचं पॅड नडगीवर. सहा महिने तशीच चालवली, कारण दुकानदार म्हणाला की 'वापरून वापरून बसेल'. कापड बसतं, पॅडचा खिसा वर चढत नाही. बायकांच्या मापाची पँट आपल्याकडे दुकानात मिळणं म्हणजे नशीब. बत्तीस ते छत्तीस कंबर, लांबी सगळी सहा फुटी माणसाची.

तर पहिली गोष्ट: गाडीवर बसून बघा. दुकानात गाडी नसेल तर स्टुलावर पाय फाकवून, गुडघे वाकवून बसा. पॅडचा मध्य गुडघ्याच्या वाटीवर आला पाहिजे. मग पॅडला मूठ लावून डावीउजवीकडे ढकला. दोन बोटांपेक्षा जास्त सरकलं तर पडल्यावर ते तिथे नसणार.

तर्रीबाज | १३ एप्रिल, दुपारी १:४४

सदरमधल्या दुकानात स्टुलावर पाय फाकवून बसलेला मी. व्हिडिओ व्हायरल होते नं ताई.

डेनियर | १३ एप्रिल, रात्री ९:२०

मी कापडधंद्यातला, पॉलिस्टर यार्नमध्ये बावीस वर्षं. धाग्याचा माणूस धाग्यावर आलोच शेवटी.

मूळ लेखकाची जीन्स 'गायब' झाली त्याचं कारण सोपं आहे. साधी डेनिम सुती असते. सुताला घासणीची ताकद कमी, त्यातून आजकालची जीन्स स्ट्रेच, म्हणजे आणखी पातळ. रस्त्यावर ती सेकंदभरही टिकत नाही. पण सुताचा एक गुण: ते वितळत नाही. ट्रॅकपँट किंवा जिमच्या लेगिंग घालून गाडी चालवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पॉलिस्टर साधारण २६० अंशाला वितळतं. घसरताना घर्षणाने तेवढी उष्णता सहज होते आणि वितळलेलं कापड जखमेतच चिकटतं.

मग रायडिंग पँटही पॉलिस्टरचीच असते ना, असं कोणी विचारेल. असते. फरक जाडीचा आणि विणीचा. पँटीवर ६००डी, ५००डी असं लिहितात ते डेनियर: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डेनियर म्हणजे नऊ किलोमीटर धागा सहाशे ग्रॅमचा. हा जाडीचा आकडा झाला, ताकदीचा नाही. शाळेच्या दप्तराचं कापडही ६०० डेनियर पॉलिस्टरच असतं. म्हणून '६००डी' वाचून हुरळून जाऊ नका. कॉर्डुरा म्हणतात ते नायलॉन, त्यातलं चांगलं नायलॉन ६,६ जातीचं. सारख्याच जाडीच्या पॉलिस्टरपेक्षा घासणीला बरंच सरस.

केव्हलार हा ॲरॅमिड धागा. तो वितळत नाही, पार ५०० अंशांच्या आसपास जळून विघटित होतो. रायडिंग जीन्समध्ये तो दोन तऱ्हांनी येतो. एक, डेनिमच्या आत अस्तर म्हणून, बहुतेकदा फक्त गुडघ्याला आणि ढुंगणाला. दुसरी, डेनिमच्या विणीतच मिसळलेला. पहिली स्वस्त आणि गरम, दुसरी हलकी आणि महाग. 'केव्हलार जीन्स' म्हटलं की आत हात घालून बघा अस्तर कुठून कुठपर्यंत आहे. मी एक अशी पाहिली आहे जिच्यात रुमालाएवढे दोन तुकडे होते.

आणि शिवण. लोक कापड बघतात, शिवण बघत नाहीत. पडल्यावर कापड फाटायच्या आधी उसवतं. मांडीच्या आतली आणि मागची शिवण दुहेरी-तिहेरी आहे का, टाक्याचा दोरा जाड आहे का, दोन्ही बाजू धरून ताणल्यावर टाक्यांमधून उजेड दिसतो का. दिसला तर ठेवून द्या.

कोथरूडकर | १३ एप्रिल, रात्री ९:४१

मी तर सरळ एएए घ्या म्हणेन. एएए म्हणजे ताशी १२० किमीला पडलात तरी सुरक्षित. सुरक्षेत तडजोड कशाला?

डेनियर | १३ एप्रिल, रात्री १०:०५

असं नाही हो. ते १२०, ७० आणि ४५ हे आकडे यंत्राचे आहेत. कापडाचे तुकडे यंत्राच्या फिरत्या हातांना लावतात, ठरलेल्या वेगाला ते हात खाली सोडून काँक्रीटच्या लादीवर घासू देतात आणि थांबेपर्यंत किती मोठं भोक पडतं ते बघतात. सर्वांत जास्त मार लागणाऱ्या भागांसाठी एएए ला १२०, एए ला ७०, ए ला ४५. आतल्या, कमी धोक्याच्या भागांना त्याहून कमी. तुम्ही १२० ला पडून दुभाजकाला आदळलात तर कापडाचं अक्षर काय करणार?

आणि काँक्रीटवर परीक्षा घेतात म्हणजे आपल्या नागपूरच्या रस्त्यांसाठीच बनवली म्हणायची.

रोजच्या कामाला एए हा मधला मार्ग. ए वर्ग उन्हात बरा, हवा खेळते, पण कंबरेचं पॅड त्यात सक्तीचं नाही. एए आणि एएए मध्ये आहे. एएए बहुतेकदा चामडं किंवा खूप जाड कापड. मे महिन्यात ते कपाटात लटकेल.

कोथरूडकर | १३ एप्रिल, रात्री १०:१२

आमच्याकडे इतका उकाडा नसतो त्यामुळे लक्षात आलं नाही.

तर्रीबाज | १३ एप्रिल, रात्री १०:१३

😂 आलं पुणं.

ड्रेसिंगवाली | १४ एप्रिल, दुपारी ४:१०

कॅज्युअल्टीत काम करते. तुमच्यासारखे गुडघे आठवड्याला मोजायचे सोडले आहेत.

हाड मोडलं तर लोक गंभीर होतात आणि सोलवटलं तर हळद लावतात. सोलवटलेल्या जखमेत रस्ता भरलेला असतो. खडी, सिमेंटची भुकटी, डांबर. ती घासून काढावी लागते, ब्रशने, आणि तेव्हा मोठमोठे पैलवान आईला हाक मारतात. नीट काढली नाही तर कातडीखाली काळे-निळे डाग कायमचे राहतात, गोंदल्यासारखे. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विसरू नका.

गुडघा का फुटतो? वाटीवर मांस नाही, कातडी आणि लगेच हाड. गाडी आडवी झाली की पहिला टेकतो तो आणि कंबरेचा बाहेरचा हाडाचा उंचवटा. म्हणून मी म्हणेन पँटीत गुडघा आणि कंबर, दोन्हीकडे पॅड. कंबरेच्या पॅडचे खिसे बऱ्याच पँटीत रिकामे देतात आणि लोक रिकामेच ठेवतात.

अजून एक, हे कोणी लिहीत नाही. पँटीच्या पुढच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा ठेवू नका. मांडीत घुसलेली कपाटाची किल्ली मी स्वतः पाहिली आहे.

सायलेन्सरने पोटरी भाजली तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली. टूथपेस्ट दातांसाठी असते.

मानेवाडा_टू_बुटीबोरी | १४ एप्रिल, रात्री ११:३०

ब्रशचं अगदी खरं. मी आईला नाही, विठ्ठलाला हाक मारली.

पॅडबद्दल अजून सांगा कोणीतरी. लेव्हल १, लेव्हल २ लिहिलेलं असतं. दुप्पट पैसे द्यावे एवढा फरक आहे का?

डेनियर | १५ एप्रिल, सकाळी ८:४५

परीक्षा अशी: साधारण पाच किलोचं वजन सुमारे एक मीटरवरून पॅडवर पाडतात, ५० जूल. खाली किती जोर पोचला ते मोजतात. लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल २ ला २० पर्यंत. म्हणजे जवळपास निम्मा मार. माझ्या मते सगळ्या खर्चातला सर्वांत चांगला खर्च हाच. पँट मध्यम घ्या, गुडघ्याला लेव्हल २ घाला. पॅड वेगळी विकत मिळतात, खिशात बसतील एवढं बघा.

आणि नागपूरकरांसाठी खास. आजकालची मऊ पॅड असतात ना, हाताला रबरासारखी, धक्का बसला की क्षणभर ताठ होणारी, ती तापमानाला हळवी असतात. थंडीत कडक, उन्हात लिबलिबीत. मानकात त्यासाठी वेगळी ऐच्छिक चाचणी आहे: ४० अंशाला तपासलेलं असेल तर पॅडवर 'टी' आणि पुढे अधिकची खूण असते, उणे १० ला तपासलं तर वजाची खूण. लडाखला जाणाऱ्याने वजा बघावं, आपण अधिक बघावं. पॅड बाहेर काढा, उलटं करा, खूण ठशात कोरलेली असते. 'के' म्हणजे गुडघा, 'एच' म्हणजे कंबर, शेजारी १ किंवा २. टाइप ए लहान, टाइप बी जास्त भाग झाकणारं. नुसता स्टिकर चिकटवलेला असेल तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.

गाडीच्या सीटवर पँट टाकून दुपारभर पार्किंगमध्ये ठेवू नका. ऊन पॅडलाही वाईट आणि ॲरॅमिडलाही. केव्हलार उन्हाने आणि ब्लीचने कमजोर होतं. सावलीत वाळवा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही वीस मिनिटांत वाळते.

वासुकाका | १५ एप्रिल, सकाळी ९:३०

एवढं सगळं घालून माणूस पडायच्या आधी उष्माघाताने जाईल. २०१३ च्या मे मध्ये इथे ४७.९ झालं होतं, विसरलात?

संत्र्याची_फोड | १५ एप्रिल, दुपारी २:२०

काकांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ह्या धाग्याचा खरा प्रश्न तोच आहे.

मी मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. उमरेड, भंडारा, काटोल, वर्धा, सगळं दुचाकीवर, बाराही महिने. आठ वर्षं झाली. उन्हाबद्दल मी जे शिकलो ते असं.

सगळे सांगतात 'मेश घ्या, हवा लागते'. एप्रिलच्या मध्यापर्यंत खरं आहे. पण आपल्या कातडीचं तापमान ३४-३५ अंश. बाहेरची हवा ४४ असली की जितकी जास्त हवा लागेल तितके तुम्ही जास्त तापता. ती हवा गार करत नाही, भाजते. दुपारी एकला वर्धा रोडवर बर्म्युडा घालून जाणाऱ्या पोराच्या पोटऱ्या बघा. लू हीच. म्हणून तर आपण डोक्याला दुपट्टा गुंडाळतो. उन्हाळ्यात नागपूरचा माणूस अंग उघडं टाकत नाही, झाकतो, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. मग पायांनाच वेगळा नियम कशाला?

उपाय आपल्या घराच्या खिडकीत बसलेला आहे: कूलर. कूलर काय करतो? ओल्या ताटीतून कोरडी हवा ओढतो. तेच पायांना करा. आत पातळ सुती पायजमा किंवा घाम शोषणारी इनर घाला, निघण्याआधी ती नळाखाली भिजवून पिळा, वरून मेशची पँट. पहिले दोन मिनिटं विचित्र वाटतं. गाडी चाळीसच्या वर गेली की पायांना कूलर लागतो. बुटीबोरीपर्यंत बरीचशी वाळलेली असते, त्यामुळे कंपनीत ओलं उतरायची भानगड नाही. ओल सुमारे अर्धा तास पुरते. त्यापुढे जायचं तर पाण्याची बाटली सोबत, मांड्यांवर ओता, गुडघ्यावरही.

हे जून लागेपर्यंतच. पावसाळी दमटात कूलर चालत नाही, हेही चालत नाही. पण तेव्हा हवाच ३०-३२ ची असते, मग नुसती मेश उत्तम.

कमी वेगाला, सिग्नलला, वाडीच्या गर्दीत उकडतं का? उकडतं. त्याला उपाय नाही. मी दुपारी बारा ते चार शहरातली भेट ठेवत नाही, आणि डॉक्टरही तेव्हा झोपलेले असतात.

मेश निवडताना एक बघा: जाळी मांडीच्या पुढे आणि पोटरीमागे चालेल. गुडघ्याभोवती, कंबरेच्या बाजूला आणि बसायच्या जागी भरीव कापडच पाहिजे. तिथेही जाळी असेल तर ती पँट नाही, मच्छरदाणी.

तर्रीबाज | १५ एप्रिल, दुपारी २:४१

कूलरवाली गोष्ट डोस्क्यात बसली भाऊ. आता खसही लावू का? वास येईन मस्त.

पेंचची_वाट | १५ एप्रिल, दुपारी ३:०५

ओली इनर मीही वापरते, खरंच काम करते. फक्त सिंथेटिक लेगिंग आत घालू नका, वर डेनियर यांनी सांगितलंय का ते. आणि सीट रेक्झिनची असेल तर बसायच्या जागी ओल साठते, लांबच्या फेरीत काचतं. मी इनर गुडघ्याखाली आणि मांडीवर भिजवते, वर कोरडी ठेवते.

रात्रपाळी_रघू | १६ एप्रिल, पहाटे ५:२०

नुसते नी-गार्ड कसे? प्लास्टिकचे, पट्ट्यांचे. दीड हजारात काम होतं.

संत्र्याची_फोड | १६ एप्रिल, सकाळी ८:००

काहीच नसण्यापेक्षा हजार पटीने बरे. मी सुरुवात त्यांनीच केली. दोन तक्रारी. घाम आला की घसरून नडगीवर येतात, दर सिग्नलला वर ओढत बसायचं. आणि मांडी-कंबर उघडीच राहते. घ्यायचेच तर जीन्सच्या आत घाला, वर नाही. वर घातलेला गार्ड रस्त्याला अडकून फिरतो. पट्टी गुडघ्यामागे शिरेवर आवळू नका, अर्ध्या तासात मुंग्या येतात. ईएन १६२१ चा ठसा त्यावरही शोधा. स्केटिंगचे गार्ड त्याच डब्यात ठेवून विकतात काही ठिकाणी.

मानेवाडा_टू_बुटीबोरी | १६ एप्रिल, रात्री ११:५०

मंडळी, काय बोलू. दुकानात तीन चकरा मारूनही एवढं कळलं नसतं.

आता ओव्हरपँट की सरळ पँट? कंपनीत बदलायला लॉकर रूम आहे, पण शिफ्टच्या वेळी तिथे चाळीस जण.

पेंचची_वाट | १७ एप्रिल, दुपारी १२:१५

तुमच्यासाठी ओव्हरपँट. पण चेन बघा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच चेन असेल तर बूट काढूनच पँट उतरते. घोट्यापासून पार कंबरेपर्यंत उघडणारी पाहिजे, म्हणजे उभ्या उभ्या, बूट न काढता, पार्किंगमध्येच दहा सेकंदात उतरते. अशा चेनला आतून पट्टी शिवलेली असावी, नाहीतर ती धातूची चेन पडल्यावर मांडीलाच घासते.

ओव्हरपँटीचा तोटा: आतल्या पँटीसाठी सैल ठेवतात, मग पॅड सरकतं. गुडघ्याच्या वर-खाली आवळायच्या पट्ट्या असलेलीच घ्या.

आणि तुमची उंची कमी असेल तर माझा जुगाड. गांधीबागेत एका शिंप्याकडून मी पॅडचा आतला खिसा सव्वा इंच वर घेऊन शिवला. आतल्या अस्तराचाच खिसा, बाहेरच्या कापडाला सुई लागू दिली नाही. बाहेरून टाके घातले तर तिथूनच कापड फाटायला सुरुवात होते, आणि वॉटरप्रूफ अस्तर असेल तर त्याची चाळणी होते. शिंपी म्हणाला, 'मॅडम, गुडघ्याला ब्लाऊजसारखं पॅड कोण लावतं?' काम मात्र सुरेख केलं.

डेनियर | १७ एप्रिल, दुपारी १:००

पावसाचं: आत चेनने जोडायचं रेन लायनर देतात. त्याने तुम्ही कोरडे राहता, पण बाहेरची पँट चिंब भिजून दोन किलोची होते आणि दुसऱ्या दिवशीही ओलीच. जुलैत रोज जाणाऱ्याने लायनर कपाटात ठेवावं आणि वरून साधी रेनकोटची पँट चढवावी. फक्त सायलेन्सरपासून लांब, चिकटली की झालं.

रात्रपाळी_रघू | १७ एप्रिल, पहाटे नव्हे दुपारी २:३०

ब्रँड सांगा ना कोणीतरी.

संत्र्याची_फोड | १७ एप्रिल, रात्री ८:१५

रायनॉक्स, व्हायाटेरा, रायडा हे आपले देशी, रॉयल एनफिल्डचंही असतं. मुद्दाम एकच नाव घेत नाही, कारण प्रत्येकाकडे चांगलं मॉडेल आहे आणि टाकाऊही, शिवाय दरवर्षी बदलतात. नाव नका बघू, लेबल उलटा, पॅड काढा, स्टुलावर बसा.

समृद्धीचं स्वप्न बघून महागडं घेऊ नका, तिथे दुचाकीला बंदी आहे. आपले रस्ते वेगळे, आपले वेग वेगळे.

मानेवाडा_टू_बुटीबोरी | ११ मे, रात्री ११:१०

घेतली. उशीर झाला कारण पगाराची वाट पाहत होतो.

एए, पार कंबरेपर्यंत चेनची ओव्हरपँट, मांडीला जाळी, गुडघे आणि बाजू भरीव. सात हजार चारशे. त्यातली गुडघ्याची लेव्हल १ ची पॅड काढून लेव्हल २ ची वेगळी घेतली, ४० अंशाची खूण बघून, सोळाशे. कंबरेचे खिसे लहान निघाले, म्हणून तिथे जी आली तीच ठेवली. बजेट बोंबललं पण बायको काही बोलली नाही. ड्रेसिंग तिनेच केलं होतं.

दुकानात स्टुलावर बसलो. दोन पोरं हसली. मग त्यांतला एक माझ्यानंतर बसला.

तीन आठवडे नव्हे, दहाच दिवस झालेत, तरी सांगतो. सकाळची फर्स्ट शिफ्ट: काही त्रास नाही. दुपारी अडीचला सुटतो ते वाईट. काल पारा ४४. कंपनीच्या नळावर इनर भिजवली, पिळली, चढवली, वर पँट. जामठ्याच्या स्टेडियमपर्यंत पाय खरोखर गार. खापरीच्या पुढे वाळली आणि मग छत्रपती चौकाच्या सिग्नलपर्यंत जे झालं ते तंदुरी. पुढच्या वेळी बाटली ठेवणार.

एक अडचण कोणी सांगितली नव्हती. ओव्हरपँटीमुळे पाय जाड होतो आणि बूट ब्रेक-गिअरवर नेहमीसारखा बसत नाही. पहिल्या दिवशी दोनदा न्यूट्रल सापडेना. गिअर लीव्हर एक दात वर घेतला, आता ठीक. अन् पँटीचा घेर खाली बुटाच्या वरून आवळून घेतो, नाहीतर फडफडतो आणि फूटरेस्टमध्ये अडकायची भीती.

गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं, 'साहेब, बॅटिंग घ्यायची का आज?'

ड्रेसिंगवाली | १२ मे, सकाळी ७:५०

किल्ल्या कुठे ठेवता?

मानेवाडा_टू_बुटीबोरी | १२ मे, दुपारी ३:४०

डब्याच्या पिशवीत, मॅडम. शपथ.

वासुकाका | १२ मे, संध्याकाळी ६:००

ही पार कंबरेपर्यंत चेनवाली पायजम्यावरून चढते का? पुतण्यासाठी विचारतोय. ॲक्टिव्हा चालवतो.

पेंचची_वाट | १२ मे, संध्याकाळी ६:२०

चढते काका. स्कूटरवर गुडघे जास्त वाकतात, त्यामुळे बसूनच पॅड बघा. पुतण्याची कंबर किती?

वासुकाका | १२ मे, संध्याकाळी ६:२५

चाळीस. थोडी पुढे आहे.

तर्रीबाज | १२ मे, संध्याकाळी ६:२६

काका, पुतण्याले गुडघेदुखी बी आहे का? अन् सकाळी सहाले उठून मेट्रोचा टाइम टेबल पाहाची सवय?

वासुकाका | १२ मे, संध्याकाळी ६:४०

लेव्हल २ ची पॅड कुठे मिळाली तेवढं सांगा.